पाककृतीचे दोन कागद

गेल्या हिवाळ्यात अंगणातल्या ओल्या पायरीवरून आमच्या आईचा पाय घसरला आणि तिच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये ठेवावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. आमचे घर अलिबागजवळच्या एका गावी आहे. घरात आई आणि वडील अशी दोघेच; मी नोकरीनिमित्त दिल्लीत. वडिलांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकविले. त्रैराशिक त्यांना झोपेतही सोडविता येईल. परंतु चहापलीकडे शेगडीवर काही चढविण्याचा प्रसंग त्यांच्यावर बहात्तर वर्षांत आला नव्हता. पहिले चार दिवस शेजाऱ्यांचे डबे आले. पाचव्या दिवशी वडिलांनी आईची पाककृतींची वही मागून घेतली आणि ह्यापुढे स्वयंपाक आपणच करणार, असे जाहीर केले.

त्या संध्याकाळी त्यांचा दूरध्वनी आला. "अरे, वहीत लिहिले आहे, 'मोड आलेले, सोललेले वाल दोन वाट्या'. वाण्याकडे गेलो तर तो म्हणाला, गुरुजी, वाल देतो. मोड तुमचे तुम्ही आणा. मोड यायला किती वेळ लागतो?"

"दीड-दोन दिवस तरी," मी म्हणालो.

पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग वडील म्हणाले, "हे पहिल्या ओळीत लिहायला नको होते का?"

वाचकहो, ह्या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. कारण आईच्या वहीत जे होते तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, मी कित्येक वर्षे छापीत आलो आहे. आमच्या मासिकातील पाककृतींचे पान माझ्याकडे असते. निरनिराळ्या भाषांतून आलेल्या कृती मराठीत आणावयाच्या, त्यांचे शुद्धलेखन पाहावयाचे आणि दिलेल्या जागेत त्या बसवावयाच्या, हे माझे काम. 'साहित्य' आणि 'कृती' हे दोन मथळे जागेवर पडले की पान तयार झाले, असे मी समजत असे. त्या पहिल्या मथळ्याखालचा मजकूर घेऊन कोणी पिशवीसह बाजारात जाईल, आणि दुसऱ्या मथळ्याखालचा मजकूर कोणी तापलेल्या तेलासमोर उभे राहून, पिठाने भरलेल्या हातांनी वाचील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे कधी उभे राहिले नव्हते.

आईच्या वहीला दोष देण्यात अर्थ नाही. तिने ती स्वतःसाठी लिहिली होती. स्वतःसाठी लिहिलेली कृती ही पदराला मारलेल्या गाठीसारखी असते. गाठ कशाची ते ज्याने मारली त्याला ठाऊक असते. वाल परवाच भिजत घालावयाचे असतात, हे आईला लिहावे लागले नाही, कारण ते ती विसरणे शक्यच नव्हते. छापील कृतीची गोष्ट निराळी. ती अनोळखी माणसाच्या हाती पडते आणि तेथे तिला एकटीने बोलावे लागते.

यादी आधी की यादी मध्येच?

साहित्याची यादी वर आणि कृती खाली, ही मांडणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, ती पाककलेइतकीच जुनी असावी असे वाटते. वस्तुतः ती कोणीतरी विचार करून बसविलेली आहे. इंग्लंडमध्ये एलिझा अ‍ॅक्टन ह्या लेखिकेने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात कृतीच्या शेवटी जिन्नस, त्यांची प्रमाणे आणि वेळ ह्यांचा गोषवारा दिला. तत्पूर्वीच्या पुस्तकांत सर्व काही एकाच सलग परिच्छेदात विरघळलेले असे. किती लोणी लागेल ते कळण्यासाठी शेवटपर्यंत वाचावे लागे. सोळा वर्षांनी, १८६१ साली, इझाबेला बीटन ह्यांनी आपल्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात तीच यादी उचलून कृतीच्या डोक्यावर ठेविली आणि तिच्याबरोबर लागणारा वेळ, अंदाजी खर्च, किती माणसांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावे, हेही नोंदविले. त्या बाई अठ्ठाविसाव्या वर्षीच निवर्तल्या. पण त्यांची मांडणी जगभर टिकली.

आपल्याकडे रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे 'गृहिणीमित्र', ज्याच्या नावातच 'एक हजार पाकक्रिया' हे शब्द आहेत, ते १९१० सालचे. तमिळ भाषेत मीनाक्षी अम्माळ ह्यांनी १९५१ साली 'समैत्तु पार', म्हणजे 'स्वयंपाक करून पाहा', ह्या नावाचे पुस्तक काढले. आईपासून दूर जाऊन संसार मांडणाऱ्या मुलींना ते मोठा आधार झाले. आणि कमलाबाई ओगले ह्यांची १९७० सालची 'रुचिरा' तर मराठी घराघरांत पोहोचली. तिची मापे वाटी-चमच्याची होती, आणि वाटी-चमचा प्रत्येक घरात असतो.

परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला सर्वांत उद्बोधक वाटते ती अमेरिकेतील सेंट लुईस शहरातल्या अर्मा रॉम्बॉवर ह्या गृहिणीची गोष्ट. पतिनिधनानंतर १९३१ साली त्यांनी स्वखर्चाने एक पाकपुस्तक छापून घेतले. १९३६ साली त्याची नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्यांनी वरची यादीच काढून टाकली. ज्या पायरीला जो जिन्नस लागतो तो त्याच पायरीत, ओळ तोडून, ठळकपणे मांडला. करणाऱ्याने वाचीत जावे आणि हाताला येईल ते घालीत जावे. नजर वर-खाली फिरवावी लागत नाही आणि काही विसरतही नाही. मात्र बाजारात जाणाऱ्याची पंचाईत होते. त्याला सारी कृती वाचून आपली यादी आपणच काढावी लागते. लोणी तीन ठिकाणी लागत असेल तर तिन्हींची बेरीजही करावी लागते.

म्हणजे पाहा: बीटनबाईंची मांडणी बाजारासाठी सोयीची, रॉम्बॉवरबाईंची ओट्यासाठी. पाककृती दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या वेळी आणि पुष्कळ घरांत दोन वेगळ्या माणसांकडून वाचली जाते. संध्याकाळी कामावरून परतताना सामान आणणारा एक आणि सकाळी फोडणी घालणारा दुसरा. दोघांना एकच कागद पुरवावा, ह्या हट्टातून निम्मे घोटाळे जन्मतात. दोन कागद करावेत. एवढेच मला सांगावयाचे आहे. बाकीचा लेख हे कागद कसे करावेत ह्याविषयी आहे.

बाजाराचा कागद

मी चार दिवसांची रजा काढून घरी गेलो. वडिलांनी तोवर दोन प्रयोग केले होते. त्यांतला एक मसाल्याच्या आमटीचा. वहीत 'एक वाटी सुके खोबरे' असे होते. आता खोबऱ्याची वाटी म्हणजे काय? कोंकणात सुक्या नारळाच्या अर्ध्या भागालाच वाटी म्हणतात. वाण्याकडे खोबऱ्याच्या वाट्याच मिळतात. वडिलांनी एक अख्खी वाटी आणली, भाजली, वाटली आणि आमटीत घातली. आईला अभिप्रेत होती ती मापाची लहान वाटी, तीही खोबरे किसून भरलेली. आमटी इतकी दाट झाली की पळी तीत उभी राहिली. आईने ती न बोलता खाल्ली. वडील म्हणाले, "प्रश्नच चुकीचा छापला असेल तर मुलांचे गुण कापता येत नाहीत."

बाजारात जिन्नस ज्या रूपात आणि ज्या मापाने विकले जातात, ओट्यावर ते त्या रूपात लागत नाहीत. 'पाऊण वाटी खवलेला नारळ' कोणी विकत देत नाही. देतो तो नारळ. 'अर्धी वाटी चिरलेली कोथिंबीर' मिळत नाही, जुडी मिळते. 'दोन वाट्या सोललेले वाल' हवे असतील तर कोरडे वाल एकच वाटी आणावेत, कारण भिजून ते सुमारे दुप्पट होतात. हे न कळल्यामुळे वडील दोन वाट्या कोरडे वाल मोजून घेऊन आले होते. तेव्हा बाजाराच्या कागदावर विकत घेण्याचे माप लिहावे आणि ओट्याच्या कागदावर वापरण्याचे. 'नारळ एक (लागेल अर्धा)' एवढ्या चार शब्दांत उरलेल्या अर्ध्याचा विचारही आधीच होऊन जातो.

ह्या कागदावर जिन्नसांचा क्रम कृतीतल्या वापराचा नको, दुकानांचा हवा. वाण्याकडचे एकत्र, मंडईतले एकत्र. आणि तिसरा गट 'घरात आहे का पाहा' असा: तेल, मोहरी, हिंग, हळद, मीठ. हा गट सर्वांत शेवटी नव्हे, सर्वांत वर लिहावा, असे माझे मत झाले आहे. कारण तो घरातून निघण्यापूर्वी वाचावयाचा असतो. दुकानात उभे राहून 'घरी हिंग आहे का' हे आठवीत बसणाऱ्याला तो खाली असून काय उपयोग?

आपल्यासारख्या अनेक प्रांतांत विखुरलेल्या वाचकांसाठी आणखी एक अडचण असते आणि तिच्या संदर्भात मला माझाच एक अपराध कबूल केला पाहिजे. ह्या कामावर मी नवीन असताना एका हिंदी पाककृतीचे भाषांतर माझ्याकडे आले. भाजी होती 'सीताफल'ची. मी बिनदिक्कत 'सीताफळाची भाजी' असे लिहिले. मोहरीच्या तेलात मेथीची फोडणी देऊन सीताफळ परतावे, वर आमचूर घालावे! मुद्रिते तपासणाऱ्या वयोवृद्ध सहकाऱ्यांनी ते वाचले, चष्मा काढला आणि विचारले, "आपण कधी करून पाहिली आहे का ही?" दिल्लीकडे सीताफल म्हणजे लाल भोपळा, आपल्या सीताफळाला तिकडे शरीफा म्हणतात. छपाई अडली आणि मी वाचलो. हिंदीतला परवल म्हणजे आपले पडवळ नव्हे, आणि हिंदीत मटकी मागितली तर कडधान्याऐवजी मडके पुढे येईल, हे धडे मी नंतर घेतले.

म्हणून मराठी वाचक ज्या गावी राहतो तेथील दुकानदाराला कळणारे नाव बाजाराच्या कागदावर असणे अगत्याचे आहे. तुरीची डाळ दिल्लीत अरहर, चेन्नईत तुवरम् परुप्पु, हैदराबादेत कंदिपप्पु आणि बंगळूरात तोगरी बेळे. छापील पानात सगळ्या प्रांतांची नावे देता येत नाहीत, हे खरे. पण आपली स्वतःची यादी लिहिताना मराठी नावापुढे स्थानिक नाव लिहून ठेवण्यास कितीसा वेळ लागतो? परप्रांतात नव्याने आलेल्या सुनेला किंवा वसतिगृह सोडून खोली घेतलेल्या मुलाला असा कागद द्यावा. नुसत्या मसाल्याच्या पुड्यांपेक्षा तो अधिक कामी येईल.

ओट्याचा कागद

ओट्याजवळ वाचणाऱ्याचे हात रिकामे नसतात, डोळे धुराने चुरचुरत असतात आणि कागद हातभर अंतरावर असतो. तेव्हा पहिली गोष्ट अक्षराची. ते मोठे असावे आणि कृती पाठपोट जाऊ नये. ऐन परतण्याच्या वेळी पान उलटावयाचे म्हणजे पानावर तेलाचा अंगठा उमटतोच. आईच्या वहीत कोणती कृती दोन पानांवर गेली आहे, हे डागांवरूनच ओळखता येते. दुसरी गोष्ट आकड्यांची. घाईने लिहिलेले १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात; अपूर्णांक तर मिटूनच जातात. 'अर्धा', 'पाव', 'पाऊण' हे अक्षरांत लिहावेत. पाव चमचा हिंग आणि एक चमचा हिंग ह्यांतला फरक जेवणाऱ्याला जन्मभर आठवतो.

प्रत्येक पायरी स्वतंत्र ओळीवर असावी आणि तिच्यात जे घालावयाचे त्याचे प्रमाण पुन्हा तेथेच लिहावे. 'मग मसाला घालावा' असे वाचले की वाचणाऱ्याला वर जाऊन मसाला किती ते शोधावे लागते आणि तेवढ्यात कांदा करपतो. एखादा जिन्नस दोनदा लागत असेल तर तसे आरंभीच सांगावे. 'नारळ खवून दोन वाटे करावेत' असे आधी न सांगता शेवटी 'राहिलेला नारळ वरून घालावा' असे लिहिणे म्हणजे, वडिलांच्या भाषेत, उत्तर फळ्यावरून पुसून झाल्यावर रीत विचारणे होय.

क्रियापदांची निवड हा भाषांतरकाराचा नित्याचा कसोटीचा प्रसंग. हिंदीत 'भूनना' हे एकच क्रियापद कोरड्या तव्यावर भाजण्यालाही चालते आणि तेलात परतण्यालाही. मराठीत ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. 'उबालना'चेही तसेच: दूध उकळावयाचे, पण बटाटे उकडावयाचे. आपल्या भाषेने हे भेद जपून ठेविले आहेत. कृती लिहिणाऱ्याने ते जेथल्या तेथे वापरावेत. 'शिजवून घ्यावे' असे मोघम लिहिणे सोपे असते, पण झाकण ठेवून की न ठेवता, पाण्यासह की वाफेवर, हे वाचणाऱ्याने कोणाला विचारावे?

आता मापांविषयी. आईच्या वहीत आजीकडून आलेल्या काही कृती आहेत. त्यांत 'नवटाक गूळ' आणि 'अच्छेर रवा' अशी प्रमाणे आढळतात. नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग, अच्छेर म्हणजे अर्धा शेर. ऐंशी तोळ्यांच्या शेराने हिशेब केला तर नवटाक सुमारे ११७ ग्रॅम होते. वडिलांनी हा हिशेब आनंदाने केला आणि मग स्वतःच शंका काढली की, त्या काळी गावोगावचे शेर निराळे असत, तेव्हा आजीचा शेर कोणता? दशमान वजने देशात १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि शेरांचा घोळ संपला. परंतु वाटीचा घोळ आजही चालू आहे. आमच्या घरातल्या वाट्या आम्ही पाण्याने मोजून पाहिल्या. सर्वांत लहान १२० मिलिलीटरची भरली, सर्वांत मोठी २०० ची. वाटीचे माप सोडून द्यावे असे मी म्हणणार नाही. ग्रॅमचा काटा किती घरांत असतो? मात्र घरात एक वाटी आणि दोन चमचे 'मापाचे' म्हणून ठरवावेत आणि वहीच्या पहिल्या पानावर त्यांची खूण लिहावी. आम्ही १८० मिलिलीटरची वाटी ठरविली. वडिलांनी तिच्या बुडाला खिळ्याने बारीक फुली काढली. चमच्यांत चहाचा चमचा पाच मिलिलीटरचा आणि मोठा चमचा पंधरा मिलिलीटरचा धरला.

आईला हा सारा खटाटोप पसंत नव्हता. "एवढे लिहून का कधी स्वयंपाक येतो?" असे ती दिवाणखान्यातून ऐकवीत होती. तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आच कमी-जास्त, तांदूळ नवा-जुना, मिरची तिखट-फिकी. ह्याचा अंदाज कागदावर उतरत नाही. पण अंदाजाच्याही खुणा असतात आणि त्या मात्र उतरविता येतात: कडेने तेल सुटले, कांद्याचा रंग बदामी झाला, दाणा बोटांत चेपला पण फुटला नाही. नुसती मिनिटे लिहिण्यापेक्षा मिनिटे आणि खूण दोन्ही लिहावीत. मिनिटे नवशिक्याला धीर देतात. खूण त्याला शिकविते.

मिठाचे प्रमाण काही केल्या आईला सांगता येईना. शेवटी तिने डाव्या हाताने बिरड्याच्या अंदाजाचे मीठ ताटलीत काढले आणि वडिलांनी ते चमच्याने मोजले. पाऊण चमचा भरले. "डाव्या हाताची चिमूट उजव्यासारखी कशी असेल?" अशी शंका त्यांनी काढलीच. आईने मग दोनदा पुन्हा काढून दाखविले. दोन्ही वेळा पाऊणच.

वालाचे बिरडे: नमुन्यादाखल

ह्या पद्धतीने आम्ही अकरा कृती लिहिल्या. त्यांतील जी वालांमुळे पहिल्यांदा अडली ती येथे देतो. कोंकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे तर, मोड आणून सोललेल्या कडव्या वालांच्या उसळीला बिरडे म्हणतात. चार माणसांना भाताबरोबर पुरेल. दोन्ही कागदांच्या माथ्यावर एकच गोष्ट लिहिली आहे, ती वेळेची:

रविवारी दुपारी जेवावयाचे असल्यास वाल शुक्रवारी रात्री भिजत घालावेत. शनिवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. रविवारी सकाळी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून सोलावेत. सोलण्यास पाऊण तास. शेगडीवर अर्धा तास. (थंडीत मोड उशिरा येतात. उत्तरेकडील वाचकांनी हिवाळ्यात आणखी एक दिवस धरावा.)

बाजाराचा कागद, शुक्रवारपर्यंत:
घरात आहे का पाहा: तेल, मोहरी, जिरे, हिंग, हळद, लाल तिखट, मीठ, गूळ.
वाण्याकडून: कडवे वाल पाव किलो (लागतील सुमारे दीडशे ग्रॅम), आमसुले लहान पुडी (लागतील चार).
मंडईतून: नारळ एक (लागेल अर्धा), कांदा मध्यम एक, हिरव्या मिरच्या दोन, कोथिंबीर लहान जुडी.

ओट्याचा कागद:
शुक्रवार रात्र. वाल एक वाटी निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात भिजत घालावेत.
रविवार सकाळ, शेगडी पेटविण्यापूर्वी. वाल सोलून ठेवावेत. दोन वाट्या होतील. कांदा बारीक चिरावा. अर्धा नारळ खवावा आणि त्याचे दोन वाटे करावेत. एका वाट्यात जिरे अर्धा चमचा आणि मिरच्या दोन घालून वाटावे. दुसरा वाटा बाजूस ठेवावा. दीड वाटी पाणी उकळत ठेवावे.
१. मोठे दोन चमचे तेल तापवावे. मोहरी पाव चमचा घालावी. तडतडली की हिंग चिमूटभर आणि हळद पाव चमचा.
२. चिरलेला कांदा घालून बदामी होईपर्यंत परतावा. सुमारे पाच मिनिटे.
३. सोललेले वाल आणि तिखट एक चमचा घालावे. हलक्या हाताने दोन मिनिटे परतावे. दाणे मोडू देऊ नयेत.
४. दीड वाटी पाणी घालून झाकण ठेवावे. मंद आच, पंधरा मिनिटे. दाणा बोटांत चेपला पाहिजे, फुटता कामा नये.
५. दाणा शिजल्यावरच मीठ पाऊण चमचा, आमसुले चार, गूळ किसून एक चमचा आणि वाटण घालावे. आंबट आधी घातले तर दाणा शिजत नाही. पाच मिनिटे उकळी.
६. राहिलेला नारळ आणि चिरलेली कोथिंबीर वरून घालावी.

एवढ्या मजकुराला छापील पानात पूर्वीच्या कृतीपेक्षा जवळजवळ दुप्पट जागा लागते, हे मला ठाऊक आहे. पानांची संख्या ठरलेली असते आणि संपादकाला चारांऐवजी दोनच कृती देता येतात. माझा कौल दोन कृतींच्या बाजूने आहे. ज्या चार कृतींतील एकही कोणी करून पाहत नाही त्या छापून कागद कशाला खर्चावा? आपल्या घरची एखादी कृती आपण दुसऱ्याला लिहून देणार असाल तर एक सोपी परीक्षा सांगतो. ती आधी अशा माणसाच्या हाती द्यावी ज्याने तो पदार्थ कधी केलेला नाही. आपण शेजारी बसावे, परंतु बोलू नये. जेथे तो मान वर करून आपल्याकडे पाहील, तेथे कागदात काहीतरी राहिले आहे. वडील सात ठिकाणी माझ्याकडे पाहत थांबले. त्यांपैकी पाच ठिकाणी मला उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही दोघेही दिवाणखान्याकडे पाहिले.

प्लास्टर निघून आता काही महिने झाले. आईच्या मनगटात पूर्वीची ताकद अद्याप आलेली नाही. नारळ खवणे आणि कणीक तिंबणे तिला जमत नाही. वडिलांनी ती कामे स्वतःकडे ठेविली आहेत आणि रविवारचा सारा स्वयंपाकही. मागील महिन्यात मी घरी गेलो तेव्हा बिरड्याचा ओट्याचा कागद दाराच्या खिळ्याला टांगलेला होता. वडिलांनी 'हलक्या हाताने' ह्या शब्दांखाली तांबडी रेघ ओढली होती. आणि चौथ्या पायरीत 'पाणी' ह्या शब्दाच्या आधी कोणीतरी पेन्सिलीने 'उकळते' असे लिहिले होते. मी पाणी उकळत ठेवावयास सांगितले होते. पण ते उकळतेच घालावे, हे सांगावयाचे विसरलो होतो. अक्षर वेडेवाकडे, डाव्या हाताने काढलेले होते.